दवाखान्यात न गेलेला पेशंट मोजायचा कसा?

एखाद्या देशात बीपीचा त्रास किती जणांना आहे, हे शोधायचं तर कुठे जाल? दवाखान्यांची रजिस्टरं उघडू, असं पटकन वाटतं. पण त्या रजिस्टरात नाव कोणाचं लागतं? जो दवाखान्याची पायरी चढला त्याचं. ज्याच्याकडे पैसे नाहीत, ज्याला दवाखाना लांब पडतो, किंवा 'मला काय धाड भरलीय' असं म्हणत जो हिंडतोय, तो त्या वहीत नसतोच.

आणि बीपीत असे लोक थोडेथोडके नाहीत. २०१९ सालचा जगभराचा अंदाज सांगते. ३० ते ७९ वयाच्या ज्या लोकांना उच्च रक्तदाब होता, त्यांतल्या जवळपास निम्म्यांना त्याचा पत्ताच नव्हता. आता जे त्यांनाच माहीत नाही, ते आपल्याला कसं कळलं? कुणीतरी त्यांच्यापर्यंत जाऊन दंडाला पट्टा बांधला म्हणून. यालाच म्हणायचं आरोग्य सर्वेक्षण.

"आमच्याकडे तर कधी कुणी आलं नाही!" ही कमेंट येणार, मला माहीत आहे. सगळ्यांकडे जावं लागतच नाही. शितावरून भाताची परीक्षा होते. फक्त शित कुठून उचललं ते बघायचं. तळ करपलेला असला तरी वरचं शित छानच लागतं. म्हणून घरं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडतात. निवडलेल्या घराला कुलूप दिसलं, तर शेजारचं दार वाजवून काम उरकायचं नाही, पुन्हा यायचं. दिवसभर कुलूप असलेल्या घरातली माणसं वेगळी असतात ना! कामावर जाणारी, एकटी राहणारी. त्यांना वगळलं की आकडा घरी बसणाऱ्यांचाच होतो.

मग येतो प्रश्न विचारण्याचा भाग, आणि मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. "तुम्ही मच्छरदाणी वापरता का?" असं विचारा, सगळे हो म्हणतील. म्हणून विचारतात, "काल रात्री मच्छरदाणीत कोण कोण झोपलं होतं?" इथे माणूस आठवायला लागतो. मुलांच्या जुलाबांबद्दल विचारतानाही 'गेल्या दोन आठवड्यांत' अशी मुदत घालतात. वर्षभराचं कुणाला आठवतंय?

तरीही उत्तर म्हणजे आजार नव्हे. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये यावर नेमकं बोट ठेवलं होतं. केरळमधली माणसं बिहारमधल्या माणसांपेक्षा जास्त जगतात. पण "आजारी होतात का?" असं विचारलं, की जास्त आजार केरळमध्ये निघतात! कारण शिकलेल्या, दवाखाना जवळ असलेल्या माणसाला दुखणं हे दुखणं म्हणून ओळखता येतं. जिथे अंगावर काढायचीच सवय आहे, तिथे माणूस म्हणतो, "बरं आहे की." त्यामुळे नुसतं विचारून काढलेली 'सर्वात आजारी राज्यांची यादी' कुणी पाठवली, तर मी ती पुढे ढकलत नाही.

यावर उपाय म्हणजे विचारायचंही आणि मोजायचंही. अमेरिकेत एक सर्वेक्षण तपासणीची अख्खी व्यवस्था ट्रेलरमध्ये घालून गावोगाव फिरवतं. वजन, रक्तदाब, रक्ताचा नमुना, सगळं तिथेच. १९७६ ते १९८० या काळात त्यांनी लोकांच्या रक्तातलं शिसंही मोजलं. सरासरी ३७ टक्क्यांनी उतरलेलं निघालं. त्याच वर्षांत पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं शिसं कमी होत होतं, आणि दोन्ही रेषा शेजारी ठेवल्या तर जवळपास जोडीनेच उतरत होत्या. पेट्रोल आणि रक्त यांचं इतकं थेट नातं असेल, असं तोवरच्या हिशेबांत धरलेलंच नव्हतं.

गंमत म्हणजे, १९८२ मध्ये तिथे पेट्रोलमधल्या शिशाचे नियम सैल करायचं चाललं होतं. हे आकडे समोर होते. नियम सैल झाले नाहीत. १९८५ मध्ये ते आणखी आवळले गेले.