ऑपरेशन दोन-तीन तासांचं, गोळ्या जन्मभराच्या

नमस्कार, श्रोतेहो.

वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घ्यावं का, हा विचार तुमच्या किंवा घरच्या कुणाच्या मनात घोळत असेल, तर आजचं बोलणं तुमच्यासाठी.

पहिली गोष्ट. या ऑपरेशनात चरबी काढत नाहीत. चरबी ओढून काढतात ते लायपोसक्शन, ते निराळं. इथे काम होतं जठरावर. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून कायमचा बाहेर काढतात. 'बायपास'मध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेलं जठर आत तसंच राहतं, पण अन्न त्यात जात नाही. हे लक्षात ठेवा, अन्न त्यात जात नाही. पुढे लागणार आहे.

आणि भूक? ग्रेलिन नावाचं भूक लावणारं संप्रेरक जठराच्या ज्या भागात जास्त तयार होतं, नेमका तोच भाग स्लीव्हमध्ये कापला जातो. तेव्हा 'जिभेवर ताबा ठेवला असता तर ही वेळच आली नसती' असं ऐकवणारे नातेवाईक असतील, तर त्यांना खुशाल माझ्याकडे पाठवा.

हे ऑपरेशन कुणासाठी? १९९१ पासून नियम असा होता की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, ४० हवा, किंवा मधुमेह, रक्तदाब असं काही सोबत असेल तर ३५. २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या सर्जनांच्या संघटनांनी ती रेषा ३५ वर आणली, मधुमेहासारखा आजार असेल तर ३० वर, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ वर. आकडा बसला म्हणजे लगेच तारीख घ्यायची, असं मात्र नाही.

आकड्यावरून आठवलं. दवाखान्यात वजनकाटा पॅसेजमध्ये का ठेवतात, हे मला आजवर कळलेलं नाही. वर पुन्हा तो आकडा दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा ओरडून सांगायचा! रक्तातली साखर कुणी अशी ओरडून सांगतं का? असो.

तर आमचे एक पेशंट. गणिताचे शिक्षक, आम्हीही त्यांना सरच म्हणायचो. बायपास झाली, वजन उतरलं, इन्सुलिन सुटलं. पहिल्या वर्षी प्रत्येक तपासणीला वेळेवर हजर, वहीत वजनाचा आलेख काढलेला, तोही पट्टीनं. मग येणं कमी झालं. मग थांबलंच. आमच्याकडून फोन गेला की म्हणायचे, "मी ठणठणीत आहे हो, एखाद्या खऱ्या आजाऱ्याला वेळ द्या."

काही वर्षांनी मिसेस त्यांना घेऊन आल्या. तक्रार साधी होती. सकाळी बेसिनपाशी तोंड धुताना तोल जातो. चालताना नाही, जिना चढताना नाही. तोंडाला साबण लावला की जातो. सर निदानही करूनच आले होते, "मानेचं असणार, वाकतो ना मी."

मिसेस म्हणाल्या, "आणि चपलेचं सांगा की."

तेव्हा कळलं, चालता चालता पायातली चप्पल मागे राहते आणि यांना पत्ताच नसतो. शाळेतल्या पोरांनी आणून दिली होती.

मी सरांना पाय जुळवून उभं केलं. म्हटलं, "आता डोळे मिटा." मिटले मात्र, आणि सर असे कलले की मिसेसनी आणि मी मिळून धरलं. डोळे उघडे असताना माणूस नजरेनं तोल सावरतो. मिटले की जमीन कुठे आहे ते पायांनी सांगायचं असतं. सरांचे पाय काही सांगतच नव्हते. साबण लावला की डोळे मिटणार, एवढंच त्या बेसिनचं रहस्य! घोट्याच्या हाडावर थरथरणारा ट्यूनिंग फोर्क ठेवून विचारलं, "काही जाणवतंय?" सर म्हणाले, "काय जाणवायला हवं?"

"सर, गोळ्या चालू आहेत ना?"

सर छताकडे बघायला लागले. उत्तर मिसेसनी दिलं, "बंद करून वर्षं झाली."

"अहो, पण मला काही होतच नव्हतं!"

खरंच होत नव्हतं, तीच तर मेख आहे. अन्नातलं बी-१२ जीवनसत्त्व अंगी लागायला जठरातलं आम्ल लागतं आणि जठरातच तयार होणारं एक प्रथिन लागतं. आणि बायपासनंतर अन्न जठरात... आठवतंय ना, जातच नाही. पण यकृतात बी-१२ चा साठा असतो आणि तो वर्षानुवर्षं पुरतो. म्हणून बी-१२ ची गोळी बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी काही होत नाही, दुसऱ्या महिन्यातही नाही. साठा आटला की मग मज्जातंतूंवर येतं. हे सांगितल्यावर सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे मी इतके दिवस मुद्दल खात होतो." अगदी बरोबर, सर!

इंजेक्शनं सुरू केली. तोल सावरला, मुंग्या गेल्या. उजव्या पायाचा बधिरपणा मात्र पूर्ण गेला नाही, उशीर झाला होता. सर आता पट्ट्याची सँडल घालतात.

गोष्टीतच वेळ गेला, नेहमीप्रमाणे. राहिलेलं भराभर सांगते. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे सगळं जन्मभर. पुन्हा सांगते, जन्मभर, आणि वर्षातून निदान एकदा रक्ततपासणी. बायपासनंतर आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत, पिशवी आणि आतड्याच्या जोडापाशी अल्सर होतो. सिगारेटनंही होतो. दारू आधीपेक्षा झपाट्यानं चढते. छातीत जळजळीचा जुना त्रास असेल तर स्लीव्हनं तो वाढू शकतो, हे सर्जनशी आधीच बोलून घ्या. बाळाचा विचार १२ ते १८ महिने लांबणीवर टाका, आणि वजन उतरलं की दिवस लवकर राहू शकतात, हेही ध्यानात असू द्या. पहिल्या काही महिन्यांत केस गळतात, बहुतेकांचे परत येतात. घरी आल्यावर ताप, छातीत धडधड, धाप किंवा वाढत जाणारी पोटदुखी असेल, तर उद्यावर ढकलायचं नाही.

आणि पहिल्याच भेटीत सर्जनना एक प्रश्न जरूर विचारा, "तीन वर्षांनी मी आलो नाही, तर मला फोन करणारं तुमच्याकडे कोण आहे?" नाव सांगितलं तर लिहून घ्या. नुसतं "आम्ही आहोत ना" म्हणाले, तर अजून एका ठिकाणी चौकशी करा.

नमस्कार.