बागेत गांडुळं सोडू नका

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘गांडूळखत आणि डाळिंबाच्या जमिनीचं आरोग्य’. जमिनीकडे येतोच, पण आधी पोतं उघडू.

खत नियंत्रण आदेशाप्रमाणे गांडूळखतात ओलावा १५ ते २५ टक्के हवा. समजा, तुम्हाला ४० टक्के ओलं पोतं मिळालं. ५० किलोत कोरडा माल ३० किलो. २५ टक्के ओलाव्यात तोच साडेसदतीस किलो भरला असता. म्हणजे पोत्यामागे साडेसात किलो पाणी, तेही खताच्या भावानं! टँकरवाला परवडला, तो निदान पाणी म्हणून पाणी विकतो.

काळा रंग बघून घेऊ नका, साखर कारखान्याची मळीही काळीच असते. मूठभर खत पाण्याच्या ग्लासात ढवळा, वाळू असली तर तळाशी बसेल. मग वास घ्या. ओल्या मातीचा वास हवा. अमोनियाचा झणका आला तर शेण कच्चं आहे. ते मुळाशी तापतं आणि पांढरी मुळी भाजते.

घरी करणारेही इथेच चुकतात. ताजं शेण बेडमध्ये भरलं की गांडुळं कडेनं पळतात, नाहीतर मरतात. शेण आधी १५-२० दिवस पाणी मारून थंड होऊ द्या, आत हात घालून बघा, मग गांडुळं सोडा. खत काढायच्या आधी चार-पाच दिवस पाणी बंद ठेवा. गांडुळं खाली जातात आणि वरचा थर हातानं सरकवता येतो. फावडं नको.

आता माझी जुनी तक्रार. किलोनं गांडुळं विकत आणून थेट बागेत सोडणारे आहेत. अहो, खतासाठी वापरतात ती आयसेनिया फेटिडा शेण-पाचोळ्यात राहणारी. तिला मुरमाड रानात, एप्रिलच्या उन्हात सोडणं म्हणजे घरजावयाला औताला जुंपणं! माती पोखरणारी गांडुळं वेगळी, ती आपल्या रानातलीच. त्यांना ओल आणि पाचोळा द्या. आणि बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, जपून. तेल्या रोगासाठी त्यातून मारलेलं तांबं वरच्या मातीत साठत जातं, ते गांडुळांना सोसत नाही. फवारणी लागेल तेव्हा कराच, पण उरलेलं द्रावण बुंध्याशी ओतू नका.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. बरं, जमीन.

पाच वर्षांच्या झाडाला नत्राची शिफारस ६२५ ग्रॅम. ५ किलो गांडूळखतात, दीड टक्का धरला तर, ७५ ग्रॅम, तेही हळूहळू सुटणारं. म्हणून नत्रासाठी त्याच्यावर विसंबू नका. त्याचं खरं काम मातीचे कण बांधण्याचं. हलक्या रानात ओल टिकते, भारी रानात हवा खेळते. चुनखडीच्या रानाचा सामू (पीएच) एवढ्यानं उतरत नाही, तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मात्र सेंद्रिय आम्लं लोह, जस्त धरून ठेवतात आणि ते मुळीला मिळू शकतं.

बहार धरताना, म्हणजे फुलासाठी पाणी तोडलेल्या बागेला पुन्हा पाणी सुरू करताना, पहिल्या पाण्याआधी खत द्या. बुंध्यापासून दीड-दोन फुटांवर, ड्रिपरखाली, वरच्या मातीत हलकेच मिसळा आणि पाचटानं झाका, कारण उघड्या उन्हात त्यातले जिवाणू मरतात. खोल खणून मुळं तोडू नका, जखमेतून मर रोग आत शिरतो. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मिसळायची असेल तर खत ओलसर करून आठवडाभर सावलीत झाकून ठेवा. नंतर तिथे ताम्रयुक्त औषधाची आळवणी (मुळाशी ओतणं) नको, ती आपलीच बुरशी मारते.