नट फिरतो, बॉडी नाही

टेबलावर नेटवर्क अ‍ॅनलायझर, म्हणजे एखाद्या भागातून उच्च वारंवारतेचा सिग्नल कसा जातो ते मोजणारं यंत्र, सुरू आहे. त्याच्या पोर्टला केबल जोडायची आहे. कनेक्टर ३.५ मिलिमीटरचा, २६.५ गिगाहर्ट्झपर्यंतच्या मोजमापात नेहमी लागणारा. या वारंवारतेला हवेतली तरंगलांबी असते जेमतेम ११.३ मिलिमीटर. जोडात केसाहून बारीक, ०.०३ मिलिमीटरची फट उरली, तरी सिग्नलची फेज, म्हणजे त्याच्या तरंगाची चक्रातली जागा, जवळजवळ एका अंशाने सरकते.

आणि ही फट डोळ्यांना दिसत नाही.

अ‍ॅनलायझरचं कॅलिब्रेशन, म्हणजे मोजण्याआधी त्याचे आकडे जुळवून घेणं, याच जोडाच्या तोंडाशी होतं. कॅलिब्रेशनच्या वेळी नट एका जोराने आवळला आणि तपासायचा भाग लावताना दुसऱ्या जोराने, तर आपल्या हातातला फरक स्क्रीनवर त्या भागाचा दोष म्हणून उमटतो. मग चांगल्या भागात चूक शोधण्यात दिवस जातो. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेला टॉर्क (पिळाचा जोर) आला की मान वाकणारा पाना, लागतो तो यासाठी. सकाळी एकाने आणि संध्याकाळी दुसऱ्याने केलेला जोड सारखा यावा, एवढंच त्याचं काम. अनुभवी हातालाही हे नुसत्या अंदाजाने साधत नाही.

आधी दोन्ही तोंडं भिंगाखाली पाहायची. पिन वाकलेली असेल, आटे दबलेले असतील, तर तो कनेक्टर बाजूला ठेवायचा. एक वाकलेली पिन पुढे भेटणाऱ्या प्रत्येक चांगल्या पोर्टला इजा करत जाते. धूळ, धातूचे कण कोरड्या हवेने उडवायचे. गरज पडली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं.

आता हात पाहा. दोन्ही कनेक्टर एका सरळ रेषेत आणलेत. डाव्या हाताने बॉडी स्थिर धरलीय, उजव्या हाताची बोटं फक्त नट फिरवतायत. बॉडी फिरली, की आतली पिन समोरच्या स्प्रिंगदार पाकळ्यांमध्ये घासते आणि सोन्याचा मुलामा खरवडला जातो. जोडणीतली ही सगळ्यात महागडी चूक आहे, आणि दुर्दैवाने सगळ्यात जास्त दिसणारीही. नट मध्येच अडला तर जोर लावायचा नाही. आटे तिरके बसलेत. उलट फिरवून सोडवायचं आणि पुन्हा सुरुवात करायची.

नट बोटांनी टेकला, की मग रेंच. दुसऱ्या साध्या पान्याने बॉडी धरायची. दोन पान्यांमधला कोन ९० अंशांहून कमी ठेवायचा, नाहीतर जोड एका बाजूला उचलला जातो. रेंच मुठीच्या टोकाशी, खुणेवर, हलक्या बोटांनी धरायचा. दांडा मधूनच पकडला तर ठरलेला टॉर्क नटापर्यंत नेमका पोचत नाही.

३.५ मिलिमीटरच्या कनेक्टरला सहसा ०.९ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. दहा सेंटिमीटरच्या दांड्यावर तो जोर होतो ९ न्यूटन, म्हणजे किलोभर वजनापेक्षा थोडा कमी. मनगटाला हे फारच थोडं वाटतं, म्हणून हात आणखी दाबू पाहतो. रेंचची मान वाकायला लागली, त्याच क्षणी थांबायचं. ती पूर्ण वाकेपर्यंत दाबत राहिलं, तर जास्तीचा टॉर्क नटावर पडतो.

एसएमए हा कनेक्टरचा दुसरा प्रकार या ३.५ मिलिमीटरमध्ये सहज बसतो, आणि घोटाळा इथेच होतो. एसएमएला सहसा ०.५६ न्यूटन-मीटरच लावतात. तेव्हा नट कोणाचा ते पाहायचं: एसएमएचा नट ३.५ मिलिमीटरच्या पोर्टवर आवळायचा असेल, तर रेंच एसएमएचाच घ्यायचा. मात्र उत्पादकाने वेगळा आकडा दिला असेल, तर तोच धरायचा.

सोडवताना टॉर्क रेंच वापरायचा नाही. साधे दोन पाने पुरतात. बॉडी धरून नट सैल करायचा, उरलेले आटे बोटांनी सोडवायचे. शेवटी कनेक्टर न हलवता, न वाकवता, सरळ मागे ओढायचा. पिन पाकळ्यांतून पूर्ण बाहेर येईपर्यंत केबलचं वजन हातावरच पेलायचं.