तिन्ही हायड्रॉलिक नळ्या फुटल्या आणि मग... बगदादचं ते विमान

स्क्रीनवर हा जो डावा पंख दिसतोय ना, तो जरा नीट बघा. मागची कड जळून गेलीये, आतला सांगाडा उघडा पडलाय, आणि हा फोटो विमान खाली आल्यानंतरचा आहे. म्हणजे असल्या पंखावर ते उडत होतं आणि असल्याच पंखावर उतरलं.

२२ नोव्हेंबर २००३, सकाळची वेळ, बगदाद. डीएचएल या कुरिअर कंपनीचं कार्गो विमान, एअरबस ए-३००, बहरीनला निघालंय. आत तिघंच. कॅप्टन एरिक जेनोट आणि को-पायलट स्टीव्ह मिशिएल्सन, दोघं बेल्जियमचे, आणि फ्लाइट इंजिनिअर मारिओ रोफेल, तो स्कॉटलंडचा आणि तिघांत वयाने मोठा. बगदादवरून निघताना तेव्हा रमतगमत वर जायची सोयच नव्हती, जमेल तेवढं खडं चढायचं आणि लवकर उंची गाठायची, कारण खाली कुठल्या शेतात कोण खांद्यावर नळकांडं घेऊन उभं असेल सांगता येत नाही. जेनोट तसाच चढत होता. आठ हजार फुटांच्या आसपास धाडकन आवाज.

त्या नळकांड्याचं नाव स्ट्रेला-३, सोव्हिएत काळातलं. एक माणूस ते उचलून नेतो, आणि त्यातलं मिसाईल इंजिनाच्या उष्णतेचा माग काढत जातं. स्फोटकाचं डोकं किती, तर साधारण एक-सव्वा किलो. आपण बाजारातून वांगी आणतो तेवढं वजन. पण विमानाला पाडायला तेवढं पुरतं.

लढाऊ विमानांकडे यावर एक उपाय असतो, फ्लेअर. जळते गोळे सोडायचे, मिसाईल त्यांच्या मागे जातं. नसले तर काय होतं ते आपण कारगिलला बघितलंय. २८ मे १९९९, तोलोलिंगजवळ आपली एमआय-१७ हेलिकॉप्टरं हल्ल्याला गेली होती, त्यातल्या एकावर फ्लेअर नव्हते आणि मिसाईलने नेमकं तेच गाठलं. चार जण गेले. त्यानंतर हल्ल्याच्या कामातून हेलिकॉप्टरं मागे घेतली आणि मिराज विमानं या मिसाईलच्या टप्प्याच्या वरून बॉम्ब टाकायला लागली. मालवाहू किंवा प्रवासी विमानाला हा मार्ग कसा असणार? ते कितीही उंच उडो, चढताना आणि उतरताना त्याला खालून जावंच लागतं. बगदादच्या साधारण वर्षभर आधी, २८ नोव्हेंबर २००२ ला केनियात मोम्बासाहून तेल अवीवला निघालेल्या आर्किआ या इस्रायली कंपनीच्या बोइंग विमानावर अशीच दोन मिसाईलं सोडली होती, आत २६१ प्रवासी. दोन्ही चुकली. नशीब, दुसरं काय.

आता परत कॉकपिटमध्ये.

पंखाला आग लागलीये, पण खरी पंचाईत वेगळीच. विमानाची सगळी स्टिअरिंग हायड्रॉलिकवर, म्हणजे नळ्यांमधून दाबाने फिरणाऱ्या तेलावर चालते. एक बिघडली तर दुसरी, दुसरी बिघडली तर तिसरी, अशा तीन वेगवेगळ्या सिस्टिम. तिन्हीचं तेल वाहून गेलं. जेनोट कंट्रोल ओढतोय, फिरवतोय, काहीच होत नाही. जपानमध्ये १९८५ ला जंबोचं हेच झालं होतं, ५२० माणसं गेली. अमेरिकेत १९८९ ला सू सिटीला डीसी-१० ने कशीबशी धावपट्टी गाठली तरी ११२ गेले.

यांच्या हातात राहिलं काय, तर दोन इंजिनांचे थ्रॉटल, म्हणजे पॉवर कमी-जास्त करायचे दांडे. पॉवर वाढवली की नाक वर जातं, कमी केली की खाली येतं, एकीकडे जास्त दिली की विमान दुसरीकडे वळतं. ऐकायला सोपं वाटतं पण मेख अशी की सगळं उशिराने होतं, आत्ता दांडा ढकलला तर विमान थोड्या वेळाने ऐकणार, आणि तोवर तुम्ही घाबरून आणखी ढकललेला असतो. विमान झोपाळ्यासारखं वर-खाली करत होतं. दहाएक मिनिटं ते नुसतं हे शिकत होते, जळत्या पंखानिशी.

रोफेलने चाकं खाली सोडली, तेलाशिवाय, नुसत्या वजनाने पडू दिली, आणि चाकं खाली येताच विमान जरा स्थिरावलं. तिकडे डाव्या टाकीतून इंधन गळतंय, ते संपलं की डावं इंजिन बंद, आणि एक इंजिन गेलं की खेळच संपला, म्हणून त्याचं लक्ष सारखं त्या काट्यांवर, आणि उजवीकडचं इंधन डावीकडे द्यायची तयारी. मला या सगळ्या गोष्टीत हाच माणूस जास्त आवडतो, खरं सांगायचं तर. आणि एक गंमत बघा, मिसाईल लागलं ती टाकी काठोकाठ भरलेली होती म्हणून हे वाचले. अर्धी रिकामी असती तर वरच्या वाफेने पेट घेतला असता आणि पंख तिथेच उडाला असता.

पहिल्या प्रयत्नाला उंची जास्त राहिली, म्हणून लांब वळसा घेऊन परत आले. ज्या मोठ्या रनवेवर उतरायचं ठरलं होतं तिच्या रेषेतून विमान सरकलं, मग शेजारच्या छोट्या रनवेवर. फ्लॅप, म्हणजे उतरताना वेग कमी ठेवायला पंखातून बाहेर येणाऱ्या पट्ट्या, चालत नाहीत, त्यामुळे वेग नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. चाकं टेकली आणि विमान रनवे सोडून वाळूत घुसलं, धुरळा उडवत, काटेरी तारांचं कुंपण ओढत नेत, आणि थांबलं. तिघांच्याही अंगावर मोठी जखम नाही.

घसरगुंडीवरून खाली उतरले, पळत सुटणार तेवढ्यात कळलं की आजूबाजूला न फुटलेले बॉम्ब पडलेले असू शकतात. मग काय, जागच्या जागी उभे. मदतीची गाडी आली, आणि तिच्या चाकांच्या खुणांवर पाय ठेवत, एकामागे एक, तिघं हळूहळू बाहेर आले.