डबा घरी जातो, मूल येत नाही

(तालुक्याच्या वाचनालयातील व्याख्यानमालेत एका निवृत्त मुख्यसेविकेने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेत माझा विषय 'पूर्वप्राथमिक शिक्षणात दिव्यांग बालकांचे समावेशन' असा छापलाय. तो ऐकून पुढच्या रांगेतले दोन आजोबा चपला शोधायला लागले, ते मी पाहिलं. बसा हो. मी डब्याबद्दल बोलणार आहे. अंगणवाडीतल्या खिचडीच्या डब्याबद्दल.

एकतीस वर्षं मी या खात्यात काढली, त्यातली बरीचशी मुख्यसेविका म्हणून. आता पर्यवेक्षिका म्हणतात, काम तेच. बीटमधल्या, म्हणजे माझ्याकडे सोपवलेल्या गावांच्या गटातल्या, अंगणवाड्यांना भेटी द्यायच्या, रजिस्टरं तपासायची, खाली सही ठोकायची. दहा-बारा वर्षांपूर्वी एका वाडीवरच्या अंगणवाडीत गेले. हजेरीत चोवीस 'प', म्हणजे चोवीस हजर. मुलं मोजली तर तेवीस. परत मोजली. तेवीसच. सेविकेला विचारलं, ती अगदी सहज म्हणाली, "मॅडम, त्याचा डबा जातो ना."

पलीकडेच जिल्हा परिषदेची शाळा. मधली सुट्टी झाली की दुसरीतली एक मुलगी स्टीलचा डबा घेऊन यायची, मदतनीस त्यात भावाच्या वाटची खिचडी भरायची, आणि पोरगी ती घेऊन वाडीच्या टोकाला घरी जायची. रोज. भाऊ चार वर्षांचा. अंगणवाडीच्या लेखी तो लाभार्थी होता, त्याला आहार पोचत होता, म्हणून तो हजर होता.

आणि त्या रजिस्टरवर आधीच्या आठ महिन्यांच्या सह्या माझ्या होत्या.

मी त्या मुलीच्या मागोमाग घरी गेले. पडवीत गोणपाटावर पोरगा उताणा पडलेला. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे शरीराच्या हालचालींवर ताबा नसणं. हातपाय ताठ, मान स्थिर नाही, डोळे मात्र लख्ख. आई त्याला तसाच आडवा ठेवून भरवत होती. दोन घास आत, एक बाहेर, मग ठसका. "सारखी छाती भरते याची," ती म्हणाली. भरणारच. आडव्या मुलाचा घास श्वासनळीत उतरतो. पण हे तिला चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि आमच्या वजनाच्या रजिस्टरात त्याचं वजन दर महिन्याला शंभर ग्रॅमने वाढत होतं. वजन कसं केलं, म्हणून विचारलं. सेविका खाली बघायला लागली. टांगत्या काट्याच्या झोळीत तो बसत नव्हता, अंग ताठ करायचा. म्हणून आधीच्या आकड्यात थोडं मिळवून लिहायचं. मी तिथेच आईला त्याच्यासकट मोठ्या काट्यावर उभं केलं, मग एकटीला, आणि वजाबाकी केली. आलेला आकडा मी इथे सांगत नाही. एवढंच सांगते की कागदावरचा पोरगा बराच गुटगुटीत होता.

आता मला सांगा, यात दुष्ट कोण होतं? सेविका मायाळू होती. मदतनीस त्याच्या डब्यात चमचाभर तेल जास्त घालायची. सगळ्यांची दयाच होती, आणि त्या दयेनंच त्याला चार वर्षं पडवीत ठेवलं होतं. डबा पोचत होता म्हणून मूल का येत नाही, हे कुणी विचारतच नव्हतं.

कायद्याचं थोडं बोलते, फार नाही. अंगणवाड्या जिच्यातून चालतात ती एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ प्रकल्पांमध्ये सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा म्हणजे गरज असेल त्याला पुढच्या दवाखान्यात पाठवणं, पूर्वप्राथमिक शिक्षण, आईला पोषण-आरोग्य शिक्षण, अशा सहा सेवा. अपंग मूल घेऊ नका असं त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. पण कसं घ्यायचं हेही नव्हतं, आणि सरकारी कामात जे कसं करायचं ते लिहिलेलं नसतं ते होत नाही. मुंबईत १९७२ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी स्पास्टिक्स सोसायटी ही संस्था सुरू करणाऱ्या मिथू अलूर यांनी पुढे याच गोष्टीवर अभ्यास केला, की लहान मुलांसाठीच्या एवढ्या मोठ्या योजनेतून अपंग मुलं धोरणातच कशी सुटून गेली.

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. चांगलं झालं. पण त्यातलं मोफत शिक्षणाच्या हक्काचं कलम वाचा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेलं मूल, वय सहा ते अठरा. शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा. तीन ते सहाच्या मुलांसाठी त्यात सरकार व्यवस्था 'करू शकेल', असा मोघम शब्द आहे. म्हणजे मान धरायची, बसायचं, बोलायचं, ऐकायचं ही सगळी उलाढाल ज्या वर्षांत होते, त्या वर्षांत मूल अंगणवाडीच्या भरवशावर. चालत जाता येईल असं दुसरं दार खेड्यात असतंच कुठे?

काही पालक आणि, खरं सांगायचं तर, आमच्यातल्याही काही जणी म्हणायच्या, अशा मुलांची खास शाळा वेगळी असते, अंगणवाडी ही साध्या मुलांची. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीही हे एका आईला ऐकवलेलं आहे. ती पुन्हा आली नाही.

म्हणून तुम्हाला जरा मागे नेते. बालवाडीत आपण जे साहित्य पाहतो, लाकडी दट्टे, खोबणीत बसवायचे तुकडे, हाताने चाचपायची अक्षरं, ते आलं कुठून? मारिया मॉन्टेसरीकडून. पण १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो वस्तीत 'बालघर' उघडण्याआधी ही डॉक्टरीण ज्या मुलांबरोबर काम करत होती, त्यांना तेव्हाचं जग मंदबुद्धी म्हणून बाजूला टाकत होतं. इतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांनी अशाच मुलांसाठी शोधलेल्या रीती तिने पुढे नेल्या. तिची मुलं साध्या शाळांच्या परीक्षांत उतरली तेव्हा लोक तोंडात बोटं घालायला लागले. तिला प्रश्न पडला तो वेगळाच: धडधाकट मुलं शाळेत नक्की कशाने अडतात? मग तेच साहित्य तिने सगळ्या मुलांना दिलं. तेव्हा साध्या मुलांच्या बालवाडीत अपंग मुलाला जागा द्यायची का, हा प्रश्नच उलटा आहे. बालवाडी आधी त्याची होती.

भावनगरला गुजराती बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करताना आपल्या ताराबाई मोडकांनी तीच पद्धत आपल्या मातीत रुजवली. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात. मग ताराबाईंनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यांच्या या कामातून आला. मूल येत नसेल तर आपण जायचं, हे त्या शब्दातच आहे. नुसता डबा पाठवायचा, असं नाही.

बरं, मूल ओळखायचं कसं? इथे सेविका बसल्यात, त्यांना पाठ आहे, पण आज्या-आत्यांसाठी सांगते. दोन महिन्यांचं बाळ आपल्याकडे बघून हसतं. चार महिन्यांना मान धरतं. आठ-नऊ महिन्यांना आधाराशिवाय बसतं. दीड वर्षाला चालतं. नाही झालं तर चिठ्ठी घेऊन दाखवायला जायचं. पण आपल्याकडे घरोघर एक उशिरा बोललेला मामा असतो. "याचा मामा पण चार वर्षांचा होईतो बोलला नव्हता, आता बघा, सरपंच आहे." त्या मामाने किती मुलांची वर्षं खाल्ली, देव जाणे.

एका अंगणवाडीत एक मुलगी होती. हट्टी, कुणाचं ऐकत नाही, गाणं लागलं की उठून जाते. तिचा कान वाहतो हे सगळ्यांना माहीत होतं, तेल घालून झालं होतं. मदतनीस एकदा तिच्या पाठीमागे ताटल्या घासत होती. ताटली हातून निसटून फरशीवर आपटली, सगळी मुलं दचकली, ही नाही. मदतनीस शिकलेली नव्हती. पण तिने ताटली उचलून मुद्दाम दुसऱ्यांदा आपटली. त्या दिवसापासून 'ऐकत नाही' या शब्दाचा अर्थ त्या अंगणवाडीत बदलला.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार, विकासातला उशीर, सगळं तपासतं आणि पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे अशा मुलांवर लवकर उपचार सुरू करणाऱ्या केंद्रात, पाठवतं. कागदावर उत्तम. अडतं कुठे? पथक येतं त्या दिवशी ते मूल अंगणवाडीत नसतं. त्याचा डबा गेलेला असतो. आणि चिठ्ठी मिळाली तरी जिल्ह्याला जायचं म्हणजे दोन एसट्या, आईची मजुरी बुडणार, कडेवर पाच वर्षांचं ताठ मूल. मी घरोघरच्या देवळीत, हळदीकुंकवाच्या डबीखाली, घडी घातलेल्या त्या चिठ्ठ्या पाहिल्या आहेत.

आता त्या पोराकडे येते. जिल्ह्याच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी आईला आणि सेविकेला जे दाखवलं त्याला पैसे लागले नाहीत. खोलीचा कोपरा घ्यायचा. दोन भिंती जिथे मिळतात तिथे मुलाची पाठ. दोन्ही बाजूंना गुंडाळलेल्या गोधड्या. मांड्यांमध्ये एक लहान वळकटी, म्हणजे पायांची कात्री होत नाही. भिंत आणि गोधड्या त्याला धरून ठेवतात, त्याचे हात मोकळे होतात. भरवताना हनुवटी किंचित खाली, चमचा समोरून आणि खालून आणायचा. वरून आणला की मूल मान मागे टाकतं आणि ठसका लागतो. खिचडी पातळ नको, घट्टसर हवी. पातळ घास आवरत नाही. मदतनीस म्हणाली, "एवढंच?" एवढंच. बाकी वेळ लागतो. त्याला जेवायला पाऊण तास लागायचा आणि बाकीची तेवीस दहा मिनिटांत हात धुवून मोकळी. म्हणून त्याला आधी वाढायला सुरुवात केली.

(मागून एक सेविका: "मॅडम, पण आमच्याकडे पाऊण तास आहे कुठे?")

बरोबर आहे तुझं. मानधनावरची बाई. पोषण ट्रॅकर हे मोबाइलवरचं नोंदींचं ॲप भरायचं, गृहभेटी, सर्वेक्षणं, आणि कुणाला काही सुचलं की ते काम अंगणवाडीकडे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीचा प्रोटोकॉल, म्हणजे ठरवून दिलेली कार्यपद्धती, काढला. लक्षणं ओळखा, कुटुंबाला आणि मुलाला सामावून घ्या, आशा आणि आरोग्य पथकामार्फत पुढे पाठवा. मला तो आवडला. निदान 'कसं' लिहायला सुरुवात झाली. पण एक सेविका, एक मदतनीस आणि चोवीस मुलं हे गणित त्याने बदललेलं नाही. सगळीकडे मला जमलं असंही नाही. एका मुलाला वारंवार झटके यायचे. सेविका घाबरली, मीही घाबरले, आणि आम्ही त्याला घरीच ठेवा म्हटलं. आज असते तर डॉक्टरांकडून औषध नीट लावून घेतलं असतं, झटका आला की कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, हे सगळ्यांना शिकवलं असतं. तेव्हा नाही केलं.

सरपंच बसलेत म्हणून एक सांगते. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो. आमच्याकडे तो दिवाळीच्या आसपास रोख वाटून, फोटो काढून संपायचा. लहान मुलाला मतही नसतं आणि फोटोत हारही धरता येत नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याला तो येत नाही. त्यातून अंगणवाडीच्या पायरीला उतार करता येतो. त्या अंगणवाडीची पायरी साधी, वीतभर उंच. आई पोराला उचलून आणायची तर ती तिथे दोनदा अडखळली होती.

मुलांचं मात्र बघण्यासारखं होतं. पहिल्या दिवशी एकाने विचारलं, "हा का पडून असतो?" सेविका गोंधळली. मग म्हणाली, "त्याचे पाय त्याचं ऐकत नाहीत." पोराने मान डोलावली. त्याचेही पाय त्याचं ऐकत नसत, दिवसभर उड्या. विषय संपला. टाळ्यांचं गाणं असलं की शेजारची मुलगी आपला एक हात त्याच्या हातावर वाजवायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही फक्त एक नियम ठेवला: पाहुणे आले की त्याला पुढे आणून बसवायचं नाही. तो तिथे शिकायला येतो.

तो अंगणवाडीत बसून जेवला त्या पहिल्या दिवशी मी मुद्दाम थांबले होते. मधल्या सुट्टीची घंटा झाली. बहीण रोजच्यासारखी डबा घेऊन दारात. मदतनीस म्हणाली, "अगं, तो आत आहे, जेवतोय." पोरीने आत डोकावून पाहिलं. तो कोपऱ्यात, गोधड्यांमध्ये, गालाला भात लागलेला. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. रिकाम्या डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. मग मला विचारलं, "बाई, मग आता मी काय करू?"

मी म्हटलं, सुट्टी आहे ना तुला? खेळ जा.

तिने डबा पायरीवर ठेवला आणि ती धावत सुटली.