कडी

नमस्कार श्रोतेहो. संक्रांत होऊन गेली, तिळगुळाचा डबा तळाला आला असेल. आपण सीमाभागातली माणसं एकाच दिवशी दोन भाषांत वचन देतो. इकडे 'तिळगूळ घ्या, गोड बोला', तिकडे 'एळ्ळु-बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि'. आणि दुसऱ्या दिवशी नळाच्या पाण्यावरून दोन्ही भाषांत भांडतो. असो.

आजचा विषय, वर्षाचा शब्द. संकल्पांची यादी करायची नाही. एकच शब्द निवडायचा, दिसेल असा लावायचा, वर्षभर त्याला धरून वागायचं. एकच शब्द, बरं का.

खानापूर रस्त्याकडच्या एका ज्येष्ठ निवासात मी दर बुधवारी पेपर वाचून दाखवायला जातो. गेल्या जानेवारीत तिथं हे शब्दांचं ठरलं. कुणी लिहिलं 'शांती', कुणी 'समाधान'. बँकेतून निवृत्त झालेल्या एका रावांनी तर बोरू काढून, शाई कालवून 'स्वावलंबन' लिहिलं. मग आज्जींची पाळी आली. उभ्या जन्मात शेकड्यांनी मांडे केलेल्या, दोन्ही कोपरांवर भाजल्याचे डाग. म्हणाल्या, "लिही, कडी."

हॉलभर हशा.

"हसताय कशाला? मागं ती शेजारीण न्हाणीत पडली. कडी आतनं. सुतार येऊन दार काढीपर्यंत दीड तास फरशीवर होती की. दिवसा मी कडी लावणार नाही. तुम्हीबी लावायची नाही."

तेव्हापासून रोज सकाळी काठीनं दारं ठोकत व्हरांडाभर फेरी. मराठी दारावर "कडी!", कन्नड दारावर "चिलक हाकब्याड्री!" रावांना वैताग आला. पण तेही कडी काढून ठेवू लागले, आणि एका दुपारी उघड्या दारातून माकड शिरलं. लेकानं आणलेला अर्धा किलो कुंदा, ती आपली बेळगावी दुधाची मिठाई, खाल्ला, डबा खिडकीत नेऊन चाटला आणि जाताना 'स्वावलंबन' फाडून गेलं! (कुंदा हल्ली नुसता साखरेचा झालाय, हे माकडाला कोण सांगणार?)

राव तडक आज्जींच्या दारात. "आता बोला!" आज्जींनी ऐकून घेतलं. पेटीतून चोळीची जुनी नाडी काढली, रावांच्या कडीला बांधली आणि टोक दाराच्या फटीतून बाहेर सोडलं. कडी आतून लागते, माकड अडतं, नाडी ओढली की बाहेरून निघते. महिन्याभरात व्हरांड्यात प्रत्येक दाराला नाडी लोंबत होती, न्हाणीच्या दारांनासुद्धा.

वेळ संपत आली, तेव्हा थोडक्यात. शब्द हाताला धरता येईल असा घ्या. 'शांती'चं काय करायचं, ते उद्या सकाळी उठून कळत नाही. ते मनातले मांडे. आपल्या बेळगावात खरे मांडे मिळत असताना मनातले कशाला? आणि तो शब्द रोज सकाळी मोबाईलवर फुलांच्या चित्रासकट कुणाला पाठवू नका, हात जोडतो. हां, आणि न्हाणीचं दार नव्यानं बसवत असाल तर बाहेर उघडणारं बसवा. माणूस आत दारापाशी पडला, तर आत उघडणारं दार त्याच्या अंगावरच अडतं. दार बाहेर उघडणारं.

परवाच्या बुधवारी रावांना विचारलं, यंदाचा शब्द कोणता? त्यांनी दाराकडं बोट केलं. त्याच बोरूनं, तितक्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'नाडी'.