हातभर खाली पाणी

नमस्कार श्रोतेहो.

मी माणदेशातला. आमच्याकडं विहीर खणायला घेतली की पन्नास फुटांपर्यंत मुरूम आणि खडक, पुढं ज्याचं त्याचं नशीब. त्यात माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झालेली. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं मुलाकडं अटलांटाला होतो. तो म्हणाला, "आबा, नाताळच्या सुट्टीत फ्लोरिडाला जाऊ. पोरांना डिस्ने दाखवायचंय." मी हो म्हटलं ते नातवंडांची तोंडं बघून. परत आलो तो मात्र पाण्याच्याच गोष्टी घेऊन.

अटलांटाहून ऑरलँडो सातशे किलोमीटर. निघताना अंगात स्वेटर, कानाला मफलर. फ्लोरिडा लागलं तसं एकेक उतरत गेलं.

पहिला दिवस मॅजिक किंगडमचा. दारात झडती झाली, तेव्हा सूनबाईंच्या पिशवीतून दशम्यांचा डबा निघाला. रखवालदार बाईनं चटणीकडं बोट दाखवून विचारलं, हे काय? सूनबाई म्हणाल्या, "शेंगदाणे." बाई हसली आणि डबा आत गेला. रांगांचं काय सांगू! मी पंढरपूरच्या दर्शनबारीत तासन्‌तास उभा राहिलेला माणूस, पण तिथं निदान शेवटी विठोबा असतो. इथं तासभर उभं राहायचं आणि उडत्या हत्तीच्या पाळण्यात दोन मिनिटांत खाली उतरायचं. नातीला त्याचं काही नव्हतं. ती उतरली ती पुन्हा रांगेतच जाऊन उभी.

त्या रांगेत मुलगा म्हणाला, "आबा, आपण आत्ता जमिनीवर नाही, वरच्या मजल्यावर उभे आहोत." मला वाटलं, चेष्टा करतोय. पण खरं होतं. कामगारांना लोकांच्या नजरेआड ये-जा करता यावी म्हणून इथं बोगदे हवे होते. जागा दलदलीची, जरा खणलं की पाणी. मग त्यांनी बोगदे जमिनीच्या पातळीवरच बांधले, समोर मोठं तळं खोदलं, त्यातून निघालेल्या मातीचा भराव घातला आणि वर किल्ला, रस्ते, दुकानं उभी केली. १ ऑक्टोबर १९७१ ला हे उद्यान उघडलं. हे ऐकलं आणि माझं पाळण्यांतलं लक्षच उडालं. नातू किल्ला बघत होता, मी फरशी.

दुसऱ्या दिवशी पहाटे ब्ल्यू स्प्रिंगला गेलो, ऑरलँडोच्या उत्तरेला तासाभरावर. त्या दिवशी चांगलीच थंडी होती आणि झऱ्यावरून वाफा निघत होत्या. लाकडी वाटेवरून खाली बघितलं, तर काचेसारख्या पाण्यात म्हशींएवढी करडी धुडं पडलेली. मॅनेटी! समुद्रगायीच्या जातीतला हा प्राणी, वजन चारपाचशे किलो, खाणं निव्वळ पाणवनस्पती. शेजारची सेंट जॉन्स नदी थंडीत गारठते. ती वीस अंशांच्या खाली गेली की मॅनेटीला सोसत नाही. झऱ्याचं पाणी मात्र बारमाही बावीस-तेवीस अंश. पावसाचं पाणी चुनखडीत मुरतं आणि तिथून उसळून वर येतं. आपल्याकडं थंडीत विहिरीचं पाणी कोमट लागतं ना, तेच हे. एकीच्या पाठीवर पांढरे ओरखडे होते, ओळीनं, विळीवर काकडी कापावी तसे. बोटीच्या पंख्याचे. तिथले अभ्यासक या व्रणांवरूनच एकेकीला ओळखतात. नात चाळीसपर्यंत मोजत गेली, मग दमली.

तिथून दक्षिणेला एव्हरग्लेड्स. १९४७ सालापासूनचं राष्ट्रीय उद्यान. लोक याला गवताची नदी म्हणतात. ऑरलँडोकडं पडलेला पाऊस किसिमी नदीतून ओकीचोबी तलावात यायचा आणि तिथून गवतातून पसरत, मैलाला दोन-तीन इंच अशा उतारानं समुद्राकडं सरकायचा. माणसांनी शेती-वस्तीसाठी कालवे खणून ते पाणी काढून दिलं. आता २००० सालच्या योजनेनुसार तेच पाणी पुन्हा दक्षिणेकडं वळवायची खटपट चालली आहे. खात्यातला माणूस म्हणून मी यावर जास्त बोलत नाही.

पण मला भेटला तो खरा विहीरवाला, ॲलिगेटर. रुंद तोंडाची ही मगर चिखल-गवत उपसून खड्डा करते. उन्हाळ्यात नव्हे, तिथं हिवाळा कोरडा असतो, तेव्हा आजूबाजूचं आटलं तरी त्या खड्ड्यात पाणी राहतं. मासे, कासवं, पक्षी त्याच्यावर तगतात. अर्थात अधूनमधून मालकाच्या पोटातही जातात! जवळच एक तिरंदाज पक्षी पंख पसरून वाळवत बसला होता, दोरीवरच्या धोतरासारखा.

शेवटी ‘सिएस्टा की’ नावाचं बेट, मेक्सिकोच्या आखातावरचा किनारा. वाळूत पाय टाकला आणि आमची ही म्हणाली, "अगं बाई, ही तर रांगोळी!" अगदीच चूक नव्हतं. ती वाळू म्हणजे ॲपलाशियन डोंगरातून नद्यांनी वाहून आणलेला गारगोटीचा चुरा, जवळजवळ निव्वळ. भर उन्हातही पायाला गार लागते. आम्ही दोघं अनवाणी चाललो, बोललो फारसं नाही.

नातू दोन्ही हातांनी वाळू उपसत बसला होता. कोपरभर खणलं असेल नसेल, तोच ओरडला, "आबा, विहिरीला पाणी लागलं!"

मी जाऊन बोट बुडवलं, जिभेला लावलं. खारट.